गढीतल्या बहिणी आणि कुंपणाबाहेरचे वाचक

अठरा वर्षांची एक मुलगी, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी बहीण, चाकाच्या खुर्चीत बसलेला काका आणि एक बोका. गावाला लागून असलेल्या एका मोठ्या घरात एवढेच जीव उरले आहेत. सहा वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणाच्या साखरेत सोमल मिसळले गेले आणि आई, वडील, धाकटा भाऊ व काकू असे चौघे गेले. काका वाचला, पण अधू झाला. मोठ्या बहिणीवर खटला चालला आणि ती निर्दोष सुटली. न्यायालयाने सोडले तरी गावाने सोडले नाही. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची १९६२ साली आलेली ही छोटेखानी कादंबरी. नाव 'वुई हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल'. मराठीत म्हणायचे तर, आम्ही कायमच या गढीत राहत आलो.

ही कादंबरी किशोरवयीनांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती. परंतु गोष्ट सांगते ती अठरा वर्षांची मेरी कॅथरिन ब्लॅकवुड, घरच्यांची मेरीकॅट. ती वस्तू जमिनीत पुरते, झाडाला वही ठोकते, मनाशी मंत्रासारखे शब्द ठरवते आणि यामुळे घर सुरक्षित राहील असे मानते. पुस्तकात भूत नाही, तरीही काही पाने वाचताना मान मागे वळते. काका तिच्यादेखत पाहुण्याला सांगतो की माझी ती पुतणी केव्हाच मेली, आणि मेरीकॅट ते ऐकत तिथेच बसलेली असते. अशा पुस्तकाचे कॉलेजच्या वयातल्या वाचकांना, विशेषतः मुलींना, वेड लागले तर त्यात नवल नाही. (गोष्ट फोडली म्हणून आमच्यावर रागावू नका. साखरेत सोमल कुणी मिसळले याचा अंदाज चौकस वाचकाला पहिल्या काही पानांतच येतो, आणि लेखिकेलाही ते रहस्य फारसे जपायचे नव्हते. मेरीकॅटनेच, वयाच्या बाराव्या वर्षी.)

आम्हाला येथे बोलायचे आहे ते या पुस्तकाच्या वाचकांविषयी.

जगभरच्या वाचकांच्या प्रतिक्रिया चाळल्या तर एक सूर फार ठळक दिसतो. मेरीकॅट आमची आहे, आम्हीच मेरीकॅट आहोत, आम्हालाही असेच जगापासून दूर, बहिणीबरोबर, बोक्याबरोबर, बागेतल्या भाज्या खात राहायचे आहे. गावकऱ्यांविषयी या वाचकांकडे एकच शब्द असतो, राक्षस. दुसरा एक गट तपास करणारा. त्याला कारण हवे असते. बापाने कॉन्स्टन्सवर, म्हणजे मोठ्या बहिणीवर, अत्याचार केले असणार, त्याशिवाय बारा वर्षांची मुलगी घर का मारेल? कादंबरीत याला आधार नाही. त्या रात्री मेरीकॅटला शिक्षा म्हणून न जेवता झोपायला पाठवले होते, एवढेच पुस्तक सांगते. पण वाचकाला आपल्या लाडक्या मुलीसाठी वकीलपत्र घ्यायचे असते, म्हणून तो न लिहिलेली पाने लिहितो.

वाचकांचा हा उतावळेपणा जॅक्सनबाईंना नवा नव्हता. २६ जून १९४८ च्या 'न्यू यॉर्कर'मध्ये त्यांची 'द लॉटरी' ही कथा आली होती. एका साध्या गावात दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एका माणसाची निवड होते आणि बाकीचे सगळे, शेजारीपाजारी, घरचेसुद्धा, त्याला दगडांनी ठेचून मारतात. त्या उन्हाळ्यात त्यांना तीनशेच्या वर पत्रे आली. पुढे एका व्याख्यानात त्यांनी त्यांचा हिशेब मांडला. बरे बोलणारी पत्रे अवघी तेरा, तीही बहुतेक ओळखीच्यांची. बाकीच्यांत गोंधळ, तर्ककुतर्क आणि शिव्या. त्यांत काही पत्रे अशीही होती की अशी सोडत कोणत्या गावी निघते आणि तिथे जाऊन बघता येईल का. आम्ही समाजशास्त्र शिकताना 'प्रेक्षक' या संकल्पनेवर बरीच पाने वाचली. त्या सगळ्यांपेक्षा ही एक चौकशी आम्हाला जास्त शिकवून गेली.

चौदा वर्षांनी 'कॅसल' आली तेव्हा शिव्यांऐवजी कौतुक झाले, 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातल्या दहा उत्तम कादंबऱ्यांत तिला बसवले. कौतुक करणाऱ्यांना लेखिकेच्या आयुष्याचाही आधार मिळाला. जॅक्सन व्हरमाँट राज्यातल्या नॉर्थ बेनिंग्टन या लहान गावात राहत. नवरा स्टॅनले एडगर हायमन ज्यू, बेनिंग्टन कॉलेजात शिकवणारा. दोघांचे लग्न दोन्ही घरांना नको होते. राल्फ एलिसनसारखा काळा लेखक या घराचा जवळचा मित्र. गोऱ्या ख्रिस्ती खेड्याने या कुटुंबाकडे कसे पाहिले असेल हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जोनाथन लेथम हा कादंबरीकार स्वतः बेनिंग्टन कॉलेजात शिकलेला. त्याने २००६ च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत या गावाचा आणि कादंबरीतल्या गावाचा धागा जोडून दाखवला आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर तर जॅक्सनबाईंना घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले होते. कित्येक महिने त्या घरातच होत्या. १९६५ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या.

म्हणजे बहिष्काराचे दुःख लेखिकेचे खरे आहे. मग आमची अडचण काय? अडचण कुंपणाची आहे.

कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात एक वाट येते. गावातून हमरस्त्याकडे जायला ब्लॅकवुडांच्या जमिनीतून एक जवळची पायवाट होती. लोक ती वापरत. ब्लॅकवुडांच्या घरात आई आली, आणि आपल्या दारावरून कुणीही उठून ये-जा करावी हे तिला खपेना. लोकांसाठी रस्ता आहे की, असे तिचे म्हणणे. वडिलांनी कुंपण घातले, फाटकांना कुलपे लावली. त्या क्षणापासून गावाला वळसा पडला. मेरीकॅट हे सगळे सहज सांगून पुढे जाते, जसे घरच्या संस्कारांविषयी सांगावे तसे. आणि तीच मेरीकॅट किराणा दुकानात उभी राहून मनाशी चित्र रंगवते की हे सगळे लोक मरून पडले आहेत आणि आपण त्यांच्या अंगावरून पाय टाकत हवे ते सामान उचलतो आहोत. विषप्रयोग सहा वर्षांपूर्वीचा, कुंपण त्याच्या कितीतरी आधीचे. गावाचा राग साखरेपासून सुरू होत नाही. ज्या प्रतिक्रियांत मेरीकॅट लाडकी असते, त्यांत या वाटेचा उल्लेख आम्हाला क्वचितच सापडला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात आम्ही ही कादंबरी घेतली. दहा-बारा मुलेमुली, बहुतेक पदवीची, दोघी नर्सिंगच्या, एक जण वकिलीचा. इंग्रजी सगळ्यांना सारखे येत नाही, म्हणून दर रविवारी काही पाने मोठ्याने वाचायची आणि मग मराठीत सांगायची अशी पद्धत ठेवली. आमच्यावर टीका झाली, तीही आमच्याच कार्यकर्त्यांकडून. गोऱ्या बायकांच्या भुताटकीच्या गोष्टी वाचून चळवळीला काय मिळणार? टीका रास्त वाटली तरी आम्ही थांबलो नाही. आपल्या पोरांनी फक्त आपल्याच दुःखाची पुस्तके वाचावीत हा आग्रह आम्हाला पटत नाही. दुसऱ्याच्या घरात काय शिजते तेही त्यांना कळले पाहिजे, आणि या पुस्तकात तर अक्षरशः स्वयंपाकघरच मध्यभागी आहे.

पहिल्या रविवारी वर्ग मेरीकॅटच्या बाजूने होता. ती आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, गावात सामान आणायला जाते. ती दिसली की लोक गप्प होतात, पाठीमागे कुजबुज चालते, पोरे चिडवण्याचे गाणे म्हणतात. ही पाने आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला परक्या देशातली वाटणार नाहीत. वकिलीच्या मुलाने लगेच २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा काढला आणि कोणत्या कृतीला कोणते कलम लागेल हे सांगू लागला. वर्गात हशा पिकला. पण सहानुभूती पक्की झाली.

त्या सहानुभूतीला पहिला तडा दिला तो नर्सिंग करणाऱ्या एका मुलीने. तिच्या गावात तिच्या घरच्यांवर काही वर्षांपूर्वी बहिष्कार पडला होता. किराणा बंद, गिरणीत दळण बंद, रोजगार बंद. ती फारशी बोलत नाही. दुसऱ्या रविवारी तिने एक ओळ दाखवली, जी आम्ही सगळ्यांनी नजरेखालून घालवली होती. मेरीकॅट दुकानात शिरली की दुकानदार किंवा त्याची बायको हातातले काम टाकून आधी तिचे सामान काढतात. बाकीच्या बाया थांबून राहतात. ती मुलगी म्हणाली, "हिला सगळ्यांच्या आधी देतात. आम्हाला सगळ्यांच्या नंतरसुद्धा देत नव्हते. हा बहिष्कार नाही, सर. हा दरारा आहे."

एम.ए. झालेल्या आम्हाला जे दोन रविवार सुचले नाही ते तिने दळण परत आणलेल्या पिशवीच्या आठवणीवरून सांगितले. द्वेष दोन्हीकडे असतो, पण द्वेषाची दिशा पाहावी लागते. जमीन, कुलूप, तिजोरी ज्याच्याकडे आहे त्याचा गाव द्वेष करतो तेव्हा गाव त्याला आधी वाढतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा द्वेष करताना गाव त्याचे पाणी तोडतो. वाचताना दोन्हीला 'एकटे पडणे' हे एकच नाव दिले की ब्लॅकवुडांची लेक आणि दळण न मिळालेली मुलगी एका रांगेत येऊन बसतात. साहित्यातली करुणा ही चलाखी फार सहज करते, कारण आवाज ज्याला मिळतो त्याच्या डोळ्यांनी आपण बघतो. या कादंबरीत गावाला आवाज नाही. गावाकडे फक्त चिडवण्याचे गाणे आहे.

येथे बाबासाहेबांच्या एका निबंधाचा संदर्भ द्यावाच लागतो, आणि तो ओढूनताणून नाही. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर जो निबंध वाचला, त्यात जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग अशी मांडणी आहे. एक गट आपले दार लावून घेतो, विवाहाचे व्यवहार आतच ठेवतो, आणि त्याच्या दार लावण्यानेच बाकीचे बाहेर पडतात. ब्लॅकवुडांची गढी हे त्याचे जवळजवळ चित्रच आहे. बायका पिढ्यान्‌पिढ्या तळघरात लोणची-मुरंबे भरून ठेवतात, वस्तू जागच्या जागी राहतात, बाहेरचा कुणी नको. चार्ल्स नावाचा चुलतभाऊ येतो. तो लोभी आहे, त्याचा डोळा तिजोरीवर आहे, त्याच्याविषयी आम्हाला काडीचे प्रेम नाही. पण मेरीकॅटचा त्याच्यावरचा राग लोभामुळे नाही. दार उघडून कुणी आत आले आणि कॉन्स्टन्सला बाहेरचे जग आठवू लागले, हे तिला सोसत नाही. ती त्याचा पेटता पाइप कचऱ्याच्या टोपलीत ढकलते आणि घराला आग लागते. अमेरिकन घराला जात लावायची नाही, आम्हालाही ते कळते. जातीचा उगम आणि एका श्रीमंत घराण्याचा तोरा या वेगळ्या गोष्टी आहेत. दार लावण्याचा व्यापार मात्र ओळखीचा आहे.

आता आगीच्या रात्रीकडे येऊ, कारण खरे भांडण तिथे झाले. गावचे अग्निशमन दल येते, आग विझवते. त्याचा प्रमुख जिम डोनेल आपले काम चोख करतो. मग डोक्यावरची अधिकाराची टोपी उतरवून ठेवतो, दगड उचलतो आणि आईच्या दिवाणखान्याच्या उंच खिडकीवर भिरकावतो. त्यानंतर जे होते त्याला लूटही म्हणता येत नाही. लोक काही नेत नाहीत. कपबश्या फोडतात, हार्प पाडतात, खुर्च्या मोडतात, दोघी बहिणींना घेरून तेच गाणे म्हणत नाचतात. आत काका मेल्याचे डॉक्टर सांगतो तेव्हा गर्दी पांगते.

वर्गातल्या एका मुलाने टाळी वाजवली. "बरे झाले. वाडा फुटायलाच पाहिजे होता." त्याचा राग आम्हाला कळतो. आमच्याही गावाकडे एक वाडा आहे, ज्याच्यासमोरून आजोबा चप्पल हातात घेऊन जात. पण त्या मुलाशी आमचे मतभेद झाले आणि आजही आहेत. त्या रात्री त्या जमावातला एकही माणूस वाटेविषयी बोलत नाही. कुलूप काढा, फाटक उघडा, असे कुणी म्हणत नाही. त्यांच्या हातात दगड आहे, मागणी नाही. ज्यांच्यावर तो दगड पडतो त्या दोन बायका आहेत, आणि कुंपण घालणारे दोघेही सहा वर्षांपूर्वीच मेलेले आहेत. २० मार्च १९२७ ला महाडला जे गेले त्यांच्या पाठीशी मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता, आणि चवदार तळ्याचे पाणी ही मागणी होती. परत आल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हाही बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. कुंपणाविरुद्ध जाण्याचे हे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना 'उद्रेक' हा एकच शब्द वापरणाऱ्या वाचकाला आम्ही आमचा मित्र मानत असलो तरी त्याचे वाचन मान्य करत नाही. जमावाचा दगड कुणाच्या घरावर पडायची सवय आहे हे आपल्या वस्त्यांना विचारा.

बहिष्कार सोसलेली ती मुलगी त्या रविवारी काय म्हणाली? काहीच नाही. पुस्तक पालथे घालून बसली. चहा आला तेव्हा एवढेच म्हणाली की आमच्या दारावर दगड पडले तेव्हाही गाणे होते.

गढीवर आपला हक्क नाही, गढीवाल्यांच्या दुःखाशी आपले नाते नाही, पण त्या खिडकीवर पडलेला दगड तिच्या अंगावर आला. वाचक म्हणून आम्हाला या दोन्ही गोष्टी एकत्र धरायच्या आहेत. त्यांतली एक सोडली की वाचन सोपे होते, आणि जॅक्सनबाईंनी ते सोपे होऊ नये म्हणूनच कुंपण पहिल्या प्रकरणात रोवून ठेवले असावे असा आमचा तर्क आहे. बहिष्कृत होण्याचे स्वतःचे दुःख त्यांनी निष्पाप माणसाला दिले नाही. ते दिले कुंपणाच्या आतल्या, विष कालवणाऱ्या, गावाला किडे समजणाऱ्या मुलीला. मेरीकॅटवर प्रेम करणाऱ्या लाखो वाचकांना त्यांनी केवढ्या अवघड जागी बसवले आहे हे त्या वाचकांच्या लक्षात आलेले नाही.

मुलींच्या गटाचे लक्ष मात्र भलतीकडेच होते. त्यांना मेरीकॅटही नको होती आणि गावही. त्या कॉन्स्टन्सविषयी बोलत होत्या. चौघे मेल्यावर साखरेचे भांडे धुऊन टाकले कॉन्स्टन्सने, त्यात कोळी होता असे सांगितले. आळ घेतला, खटला सोसला, बहिणीचे नाव घेतले नाही. सहा वर्षे ती फाटकाबाहेर गेलेली नाही. काकाला भरवते, बागेत राबते, तिन्ही वेळा रांधते. मेरीकॅटला चाकूला हात लावायची किंवा स्वयंपाक करायची परवानगी नाही, का ते उघड आहे. शेवटी वरचे मजले जळून जातात आणि दोघी उरलेल्या स्वयंपाकघरात राहू लागतात. बऱ्याच वाचकांना हा शेवट सुखाचा वाटतो, मेरीकॅटही तसेच सांगते. आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सुखाचा कुणासाठी? जळलेल्या घरात चूल तेवढी शिल्लक राहिली आणि ती कॉन्स्टन्सच्या वाट्याला आली." दुसरी म्हणाली, मेरीकॅटने बहिणीला वाचवले नाही, तिने तिला जिंकले. बापाने अत्याचार केला असणार म्हणून तर्क लढवणाऱ्या हजारो वाचकांपेक्षा या दोघींनी पुस्तकात जे प्रत्यक्ष छापले आहे ते नीट वाचले. या बाजूवर स्वतंत्र लिहायला हवे, ते त्यांनीच लिहावे असे आम्ही त्यांना सांगितले आहे.

आगीनंतर एक गोष्ट घडते जिच्यावर वर्गात सर्वात कमी चर्चा झाली, आणि आमच्या मते ती सर्वात महत्त्वाची आहे. वाट मोकळी होते. कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. लोक गढीसमोरून जाऊ-येऊ लागतात, हिरवळीवर बसून डबे खातात. आणि रात्री, अंधार पडल्यावर, गावातली माणसे हळूच येऊन दारात जेवण ठेवून जातात. कोंबडी, पाव, गोड पदार्थ, सोबत चिठ्ठी. ही फोडलेल्या बश्यांबद्दल, ही पडद्यांबद्दल, ही हार्पबद्दल. सुरुवातीला हे पश्चात्तापाचे वाटते. नंतर लक्षात येते की लेकरांना या घराची भीती घातली जाते, आतल्या बायांना राग येऊ नये म्हणून हे वाढले जाते. कालपर्यंत ज्यांचा द्वेष होता त्यांना आता नैवेद्य दाखवला जातो. गावाने ब्लॅकवुडांना आधी वर पाहिले, मग दगड मारले, मग पुन्हा मान खाली घातली. या सगळ्यात बरोबरीने समोर उभे राहून दोन शब्द बोलण्याचा दिवस एकदाही आला नाही, ना त्यांच्याकडून, ना बहिणींकडून. वेलींनी घर झाकत जाते आणि आत दोघी जणी वाढून ठेवलेले ताट उचलतात.

एके दिवशी सोबत्यांनी पैज लावल्यावरून एक लहान पोरगा पायरीवर चढतो आणि थरथरत ते जुने चिडवण्याचे गाणे म्हणायला लागतो, मग पळून जातो. रात्री दारात अंड्यांची टोपली येते, पोराच्या वतीने माफी मागणाऱ्या चिठ्ठीसह.